तळमजल्याच्या दोन भिंती काढायच्या आहेत, पिलरचं घर आहे – मदत हवी आहे

घाईत_आहे
गाडी लावायला तळमजल्यावर जागा करायची आहे. घर पिलरचं आहे, भार सगळा पिलरवर, भिंतींवर काही नाही. कंत्राटदारही तेच म्हणतो. पण ओळखीतल्या एकांनी भूकंपाचं नाव काढलं आणि घरातले सगळे बिचकले. परवा माणसं कामाला येणार आहेत. काढू की नको, एवढंच सांगा.

ओळंबा
किती मजले? वर भिंती आहेत का? काढायच्या त्या आतल्या की बाहेरच्या? उरलेल्या कुठे आहेत?

घाईत_आहे
पिलर १२ आहेत, जाड आहेत. आणखी काय हवं?

जुना_गवंडी
बिनधास्त काढा. पिलरच्या कामात आधी सांगाडा उभा राहतो, स्लॅब पडतात, भिंती शेवटी भरतात. भिंतीविना सांगाडा महिनोन्‌महिने उभा असतोच की. ३० वर्षं हेच करतोय.

ओळंबा
खालच्या दिशेच्या भाराबद्दल तुमचं बरोबर आहे, मामा. भूकंप आडवा ढकलतो. चौकोनी चौकट आडवी ढकलली की तिरकी होते, तिचा एक कर्ण आखूड होतो आणि भिंत त्या दोन कोपऱ्यांत आवळली जाते. म्हणजे ती तिरप्या टेकूचं काम करते. हिशेबात धरा वा धरू नका, ती करतेच. वरचे मजले भिंतींनी भरलेले आणि खाली मोकळं, तर वरचं सगळं एका खोक्यासारखं हलतं आणि सगळी वाकवाक तळच्या पिलरवर येते. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून २०० किमीहून लांब होतं, तरी तिथल्या खाली मोकळ्या पिलरवर उभ्या बऱ्याच इमारती बसल्या.

आकडेमोड
पण भिंतींनी इमारत ताठ होते आणि जास्त जोर ओढून घेते, हे कुणी सांगत नाही. आयएस १८९३, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक, त्याच्या सूत्रांनी १२ मीटर उंच, ९ मीटर लांब इमारतीचा डोलण्याचा काळ नुसत्या चौकटीला ०.४८ सेकंद येतो, भिंती भरल्यावर ०.३६. काळ कमी म्हणजे इमारत जास्त ताठ. मग काढलेल्या बऱ्याच ना?

ओळंबा
सगळ्या मजल्यांच्या काढल्या तर बोलू. इथे फक्त खालच्या निघणार आहेत.

हलकीवीट
यावर एकच उपाय, एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या छिद्रांचे हलके काँक्रीटचे ठोकळे. वरच्या विटांच्या भिंती पाडून ब्लॉकच्या करा. वजन कमी, तर भूकंपाचा जोरही कमी. आणि भिंत-पिलरमध्ये फट ठेवा, म्हणजे टेकूचा प्रश्नच मिटतो.

ओळंबा
वजनाचं खरं आहे. पण नुसती फट ठेवली तर भिंतीला वरून-बाजूने धरायला काही राहत नाही, धक्क्यात ती आडवी अंगावर येते. फटीबरोबर क्लिपा किंवा अँगल लागतात. शिवाय राहत्या घराच्या वरच्या सगळ्या भिंती पाडायला सांगताय!

सावली
भिंत आणि पिलरच्या सांध्यावर उभी बारीक चीर पडत असेल तर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावून प्लास्टर करा. आमच्याकडे परत चीर आली नाही.

घाईत_आहे
चिरेचं मी विचारलंच नाही! बरं, सांगतो. तळ अधिक ३. वर सगळ्या बाहेरच्या भिंती ९ इंची. समोर शटर आहे, तिथे भिंत नाहीच. काढायच्या त्या डावीकडची बाहेरची आणि मधली आडवी. मागची आणि उजवी राहणार.

ओळंबा
हे आधी सांगायला हवं होतं. मागचा उजवा कोपरा घट्ट, बाकी मोकळं. घर त्या कोपऱ्याभोवती पिळणार आणि सगळ्यात जास्त सरकणार तो समोरचा डावा पिलर. माझं उत्तर: काढू नका.

घाईत_आहे
मग डावी अर्धी ठेवतो. वरचा भाग काढला तरी उजेड येईल, मधलीही वाचेल.

ओळंबा
ते तर अजिबात नको. भिंत पिलरला खालून अर्ध्यापर्यंत धरते, वाकायला उरतो फक्त वरचा तुकडा. मोकळी उंची निम्मी झाली की ताठपणा सुमारे ८ पट होतो, त्यामुळे शेजारच्या पूर्ण मोकळ्या पिलरपेक्षा तेवढा जास्त जोर हाच ओढतो आणि तिरपा चिरतो. मुद्दाम अशी रचना करायची तर पिलरच्या पूर्ण उंचीत रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी आडवी कडी) कमी-कमी अंतरावर हव्यात.

जुना_गवंडी
हे पाहिलंय. धक्क्यानंतर एका घरी खिडकीच्या पट्टीतलेच पिलर फुटले होते, आतली सळई दिसत होती. आणखी एक, बीमखालचा शेवटचा थर आम्ही घाईत भरतो, मसाला दाबून बसत नाही. अशी भिंत टेकू देणार कशी, मला शंका आहे.

ओळंबा
शंका रास्त आहे. आधी फट मिटेपर्यंत चौकट सरकते, मग भिंत लागते. म्हणूनच तिच्यावर पूर्ण विसंबायचंही नाही, विसरायचंही नाही.

घाईत_आहे
माणसांना थांबवलं. तो समोरचा डावा पिलर जाड करून घेतला तर जमेल?

आकडेमोड
आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत मोकळ्या मजल्याच्या पिलर-बीमना अडीचपट जोर धरायला सांगितलं होतं. तेवढं करा.

ओळंबा
एकच पिलर जाड केला की तो आणखी जोर ओढणार, आणि तो पायाला पेलायला हवा. २०१६ ची आवृत्ती मोकळ्या मजल्यात निवडक गाळ्यांत (दोन पिलरमधल्या जागांत) काँक्रीटची भिंत किंवा स्टीलचे तिरपे टेकू सुचवते. डावीकडच्या एका गाळ्यात तसं करून बाकीचे मोकळे ठेवता येतील का, हे हिशेब करूनच ठरेल. पिलरचं माप, सळया, रिंगांचं अंतर द्या.

घाईत_आहे
रिंगांचं अंतर कसं कळणार? प्लास्टर फोडू?

जुना_गवंडी
फोडू नका. आधी जुना नकाशा शोधा. नसेल तर सळई शोधायचं यंत्र घेऊन येणारा बोलवा, पिलरवर फिरवलं की खडूने खुणा करून देतो.