सहकुटुंब तळ्यावर गळ टाकायला कोणता महिना बरा? तुमचे अनुभव सांगा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी हा विषय निघतोच. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा आणि बरोबर माझे वडील, वय ७१. मला गळ टाकायला त्यांनीच शिकवलं, उजनीच्या फुगवट्यावर. आता नातवंडांना शिकवायचं त्यांच्या मनात आहे.

मागच्या मे महिन्यात गेलो आणि सगळं फसलं. पाणी इतकं मागे गेलेलं की आधी भेगाळलेली जमीन तुडवायची आणि मग गाळ. मुलगा गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला ओढून काढलं, पण चप्पल आतच राहिली. साडेनऊला ऊन सोसवेना. दोन चिलाप्या घेऊन अकराच्या आत गाडीत बसलो. वडील एवढंच म्हणाले, "पोरांना हे पाणी जानेवारीत दाखवायला हवं होतं."

म्हणून विचारतोय. कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यावर, किती वाजता गेलात? एकट्याने जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. चार तास मुकाट बसणारा माणूस कुठल्याही ऋतूत काहीतरी काढतो. मला घरातली सगळी माणसं न्यायची आहेत. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतानाचे अनुभव लिहा. फसलेले बेतही लिहा, त्यांचा जास्त उपयोग होईल.

*

इंदापूरकडून

दादा, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. आमचं घर उजनीच्या काठावरच, त्यामुळे पाणी वर्षभर डोळ्यासमोर असतं.

पावसाळ्यात भीमेला पूर आला की धरणात गढूळ पाणी येतं. गणपतीत पाणी काठोकाठ असतं, पण रंग चहासारखा. त्या पाण्यात गळाला फारसं काही लागत नाही आणि काठही निसरडा. दिवाळीपर्यंत गाळ खाली बसतो. पाणी अजून काठाच्या गवताला टेकलेलं असतं, म्हणजे मुलांना गाळात उतरावं लागत नाही. गवतावर सतरंजी टाकायची आणि तिथूनच गळ. तुमच्यासारख्या घराला दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे उत्तम.

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की चिलापी मंदावते. मूळची आफ्रिकेची ती, गार पाणी तिला सोसत नाही. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की खाणं कमी करते. लोक इथेच चुकतात. पुण्याहून पहाटे चारला निघतात, सहाला कुडकुडत गळ टाकतात आणि नऊपर्यंत काही लागलं नाही की वैतागून उठतात. थंडीत घाई नकोच. उथळ खाडीसारखी जागा बघायची, जिथे ऊन तळापर्यंत पोचतं. तिथलं पाणी दहाच्या सुमारास कोमट होतं आणि मासा तिकडे सरकतो. घरून न्याहारी करून निघा, दहा ते दोन बसा. पोरांची झोप होते आणि आजोबांचे गुडघेही धरत नाहीत.

पण मला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. पाणी तापायला लागलेलं, मासा भुकेला, ऊन अजून मऊ. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरलेले असतात. मासा नाही लागला तरी पोरं त्यांच्याकडे बघत बसतात.

सामान फार नको. साधी काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, बारीक गळ, वर चिमूटभर शिसं. बोया म्हणून आम्ही ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची साल सोलून आतल्या भेंडाचा तुकडा बांधतो. पांढरा असतो, मुलांना लांबून दिसतो. चिलापी आमिषाला आधी दोन-तीनदा टोचते, तेव्हा तुकडा नुसता थरथरतो. मुलं नेमकी तेव्हाच झटका देतात. त्यांना सांगा, तुकडा तिरका होऊन सरकायला लागला की मगच ओढायचं. आणि मासा हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीचे काटे दाबून घ्यायचे. उलटा हात फिरला की तळवा सोलतो.

आणखी एक, जिथे बसाल तिथल्या मच्छीमार सोसायटीला किंवा ठेकेदाराला आधी विचारा. इथल्या माणसांचं पोट त्या पाण्यावर आहे. घरातली मंडळी घेऊन आलोय म्हटलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. उलट जागा दाखवतात.

*

पेणजवळच्या गावातून

मी पावसाळ्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे मासे धरायचा मोसम म्हटला की पावसाळाच. पहिल्या जोरदार पावसात नदी-खाडीतले मासे उलटे वर चढतात, ओढ्यातून थेट भातखाचरांत. याला वलगण म्हणतात. लहानपणी रात्री बत्ती घेऊन बाबांच्या मागे जायचे. खाचराच्या बांधावरून पाणी पडतं तिथे मासे चमकायचे, हाताने धरायचे. दुसऱ्या दिवशी गाभोळीने भरलेल्या चिवणीचं कालवण. ती चव अजून जिभेवर आहे.

तरीही मी माझ्या मुलांना पावसाळ्यात नेत नाही. याला दोन कारणं. वर चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. माझी आजी टोपलीत दोन दिवसांचं पुरेल एवढंच घ्यायची, बाकीचे सोडून द्यायची. आता जाळी लावून अख्खा ओढा अडवतात. रोहू, कटला, मृगळ यांचीही वीण पावसाळ्यातच, वाहत्या पाण्यात. मुलांच्या हातात पहिली काठी द्यायची ती या दिवसांत नको, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण पाण्याचं. चार वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दोन्ही घरची माणसं एका छोट्या धरणावर गेलो होतो. आमच्या डोक्यावर रिमझिमच होती, पण वर डोंगरात जोराचा झाला असणार. मी डबे उघडत होते. सासूबाई म्हणाल्या, "तो दगड मघाशी कोरडा होता ना?" बघितलं तर दगड निम्मा पाण्यात. मुलं त्याच्या पलीकडे होती. माझ्या दिरांनी दोघांना काखेत धरून आणलं, तेव्हा पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं. डबे तसेच सोडून आलो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, जून ते सप्टेंबर मुलं काठावर नाहीत.

आणि घरातलं पंचांगही बघावं लागतं. श्रावण आम्ही पाळतो, नंतर गणपती आणि नवरात्र. मार्गशीर्षातले गुरुवारही जातात. पकडलेला मासा घरी शिजणार नसेल तर मुलांचा विरस होतो. सगळं वजा केल्यावर कार्तिक आणि मग पौष-माघ उरतात. इंदापूरच्या दादांनी सांगितलेले महिने जवळपास तेच.

*

भंडाऱ्याहून

आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारी तलाव, म्हणजे आमचे मामा तलाव, गावोगावी आहेत. धानाच्या पाण्यासाठी बांधलेले. त्यामुळे आमचा मोसम धानावर चालतो. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की तलाव उतरत जातो आणि मार्चमध्ये मरळ काठाजवळ दिसायला लागते. ती हवेतून श्वास घेते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंड मारते. मुलांना तेवढंच बघायला फार आवडतं. पाण्यावर वर्तुळ उठलं की "तिथं! तिथं!"

पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर घोळक्याने फिरतात आणि खाली आई-बाप राखण करत असतात. तेव्हा गळ टाकला तर मोठी मासोळी हमखास झडप घालते, पण ती भुकेने नाही, पिल्लांच्या काळजीने. आमचे आजोबा ओरडायचे, "पोट्टेहो, तिकडं गळ नका टाकू!" मोठी काढली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं.

शिंगीपासून मुलांना जपा. माझ्या चुलत बहिणीने गळाला लागलेली शिंगी मुठीत धरली आणि बाजूचा काटा अंगठ्यात गेला. कोपरापर्यंत ठणका. तलावावरच्या ढिवर काकांनी चुलीवरचं पाणी सोसेल इतपत गरम करून त्यात हात बुडवून ठेवायला लावला, तेव्हा कळ कमी झाली. नंतर डॉक्टरकडे नेलंच. आता आम्ही जाडं फडकं आणि पक्कड बरोबर ठेवतो.

*

पुण्यातून, थोडक्यात

पवना आणि लोणावळ्याच्या बाजूला जाणार असाल तर नाताळ ते नववर्ष हे दहा दिवस सोडून द्या. तंबू, गाणी, रात्रभर दिवे. मुलं रात्री झोपली नाहीत आणि सकाळी काठावर बसायला जागा नव्हती. त्याच ठिकाणी जानेवारीच्या शेवटी मंगळवारी गेलो तर आम्ही आणि एक बगळा.

*

मुंबईहून

पवईबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो. १८९१ साली बांधलेलं हे तळं गळवाल्यांचं जुनं ठिकाण आहे, पण तिथे मगरी आहेत. त्या गोष्टी नाहीत, मी स्वतः ऊन खात पडलेली पाहिली आहे, तीही थंडीतच, कारण गारठ्यात त्या काठावर येतात. लहान मुलांना पाण्याच्या कडेला बसवायची ही जागा नव्हे.

*

माण तालुक्यातून

सगळ्यांनी उन्हाळा बाद केला, म्हणून लिहितोय. आमच्या पोरांना सलग सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, आणि तेव्हाच बहिणींची मुलं गावी येतात. गच्चीवर अकरा पोरं झोपलेली असतात. त्यांना घेऊन पाझर तलावावर जाणं हा आमचा वर्षाचा सण आहे, तो मी जानेवारीत कसा करू?

फक्त वेळ सांभाळावी लागते. आम्ही आधी अंधारातच जायचो. मासे पाण्यावर तोंड काढून आ-आ करताना दिसायचे, पण गळाकडे ढुंकून बघायचे नाहीत. गावातल्या एका जुन्या माणसाने उलगडा केला. आटलेल्या, शेवाळलेल्या तळ्यात रात्रीतून पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पहाटे मासा श्वासासाठी धडपडत असतो, खाणार काय? उजाडून तासभर झाला, वाऱ्याने पाणी हललं की मग तो खायला लागतो. तेव्हापासून आम्ही साडेसहाला पोचतो, सात ते नऊ बसतो आणि नऊला काहीही झालं तरी उठतो. आमिष म्हणून शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून. माठातलं पाणी, टोप्या आणि प्रत्येक दोन पोरांमागे एक मोठं माणूस. गाळ असेल तिथे मी आधी काठी खुपसून बघतो. हातभर आत गेली तर ती जागा सोडून द्यायची.

*

मिनेसोटाहून

इथे दहा हजारांवर तळी आहेत आणि हिवाळ्यात ती गोठतात, त्यामुळे प्रश्न तोच असला तरी उत्तर उलटं. मोठ्या माशांचा मोसम मे महिन्याच्या मध्याला उघडतो. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने त्याच दिवशी गेलो. वारा, चार-पाच अंश तापमान, मुलीची बोटं निळी पडलेली. तासाभरात परत.

आता आम्ही जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची वाट बघतो. सनफिश नावाचा तळहाताएवढा मासा तेव्हा काठाजवळ उथळ पाण्यात घरटी करतो, तळाशी वाळूत ताटाएवढे गोल खळगे दिसतात. लाकडी धक्क्यावर पालथं पडून मुलांनी वरून बघायचं. छोट्या गळाला गांडुळाचा तुकडा लावला की पाच वर्षांच्या मुलालाही मासा लागतो. तिथेही नर घरटं राखत असतो, म्हणून मोठे नर आम्ही लगेच सोडून देतो. जूनमध्ये एक शनिवार-रविवार असा असतो की पंधरा वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तर इथे राहणाऱ्या मोठ्यांना परवाना लागत नाही. सांगलीहून आलेल्या आईबाबांना मात्र पाहुण्यांचा परवाना काढावा लागला. जुलैत डास फार, तेव्हा धक्क्यावर बसवत नाही.

जानेवारीत बर्फाला भोक पाडूनही मासे धरतात. बाबांनी हट्टच धरला होता. चालण्यापुरता निदान चार इंच पक्का बर्फ हवा असं इथलं सरकारी खातं सांगतं. आमच्या तळ्यावर तेव्हा फूटभर होता. तरी बाबा पहिली दहा पावलं माझा दंड धरून चालले. मासा एकच लागला. आईने तो रवा, तिखट, मीठ, हळद लावून तळला आणि सहा जणांत वाटला.

*

सुरुवात केली होती तो मीच

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना चष्मा लावून एकेक वाचून दाखवलं. पेणच्या ताईंचा दगडाचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मुलांच्या आईने तेव्हाच पाण्यात तरंगायची जाकिटं मागवली.

ठरलंय असं: भाऊबीज झाली की एक दिवस जाऊन काठ बघून यायचा, सोसायटीत विचारून ठेवायचं, जमलं तर दुपारी थोडा गळ. खरा बेत फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी. माणच्या दादा, उन्हाळ्यातली तुमची वेळही लिहून ठेवली आहे, कारण माझ्या बहिणीची मुलंही मे महिन्यातच येतात.

इंदापूरच्या दादांना एक विचारायचं राहिलं. भेंडाचा तुकडा किती बोटं लांब घेता? वडील चार म्हणतात, मला लहानपणीचा दोन बोटांचा आठवतोय. त्यांनी शेजारच्या शेतातून ताटं आणून सोलायला घेतली आहेत.