मदत हवी आहे: नदीवरच्या मोटारीपासून घरापर्यंत लोरा (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ), पण मधी ऊस

मंडळी, गाव कोल्हापूरजवळच, पंचगंगेकाठी. नदीवर आमची मोटार, तिथनं घर सव्वा किलोमीटर आणि मधी सगळा ऊस. पावसाळ्यात पाणी चढलं की मोटार वर ओढायला लागते आणि हे दरवेळी रात्रीच होतं, मग मी आणि काका बॅटरी घेऊन चिखलातनं बघायला जातो पाणी कुठल्या पायरीला आलंय. म्हणून म्हटलं दर पंधरा मिनिटाला पातळी घरी कळेल असं कायतरी बसवू.

वायफाय, झिगबी (जवळच्या अंतराचा रेडिओ) सोडून दिलं, २.४ गिगाहर्ट्झ ओल्या पानात मरतंय. लोराचे दोन बोर्ड घेतले, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) आणि एसएक्स१२७६ (लोराची रेडिओ चिप) वाले. विकणाऱ्यानं ८६६ मेगाहर्ट्झ सांगून अँटेना ९१५ ची पाठवली, आपल्याकडं बिनलायसनचा पट्टा ८६५ ते ८६८, चिप तीच म्हणून कोडमध्ये ८६६ टाकून चालवलं. फेब्रुवारीत, तोडणी झाल्यावर, एसएफ७ ला (एसएफ म्हणजे लोराची सेटिंग, आकडा वाढला की मेसेज लांब पोचतो पण हळू जातो) एक मेसेज चुकला नाही, मी गावभर सांगून मोकळा. आता ऊस डोक्याच्या दुप्पट झालाय आणि दहातले चार पोचतात. एसएफ१२ ला पोचतात सगळे, पण जो मेसेज ६० मिलिसेकंदात जायचा त्याला आता दीड सेकंद लागतोय, मग बॅटरीचं काय?

बॅटरीची तर आधीच बोंब. डेटाशीटवर डीप स्लीप, म्हणजे चिप झोपलेली असताना, १० मायक्रोअँपिअर, मीटर लावला तर बोर्ड ९ मिलिअँपिअर खातोय! २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल १२ दिवसात आडवा. लाल एलईडी उपटली तरी ७ च्या खाली येईना.

एनबी-आयओटी (मोबाईल नेटवर्कवरनं छोटे मेसेज पाठवणारं) घ्यावं का? पण ते टॉवरवर अवलंबून, आणि २०१९ च्या महापुरात आमच्याकडं रेंजच गेलेली, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हाच मुकं.

उत्तर: भावा, आधी हिशोब कर. पाठवताना १२० मिलिअँपिअर धर, दीड सेकंद, १५ मिनिटात एकदा. सरासरी ०.२ मिलिअँपिअर पडतं. तुझा बोर्ड झोपेत ७ खातोय आणि तू एसएफ१२ ला शिव्या देतोयस. खरा चोर बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) आणि यूएसबीची चिप, हा तयार डेव्ह बोर्ड सोड, नुसतं मॉड्यूल आणि कमी खाणारा रेग्युलेटर घे. आणि ती ९१५ ची अँटेना आधी फेक. सव्वा किलोमीटरला मधोमध सिग्नलभोवती १० मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो, त्यातला निम्म्याहून जास्त तरी मोकळा पाहिजे, तुझी अँटेना उसातच बसलीय. घरची टाकीवर चढव, नदीकडं वीस फुटी पाइप. केबल लांब ओढू नको, बोर्डच डब्यात घालून वर बसव.

मी: आयला, हा हिशोब केलाच नव्हता. पाइप आहे जुन्या बोअरचा. पण नदीकाठी मोकळ्यात वीस फूट लोखंड उभं करायचं तर विजेचं काय करता तुम्ही लोक? नुसतं अर्थिंग पुरतंय का?