मदत हवी: वेट ग्राइंडरसाठी सरकता कप्पा करतोय, चॅनल कशावर मारू?

नमस्कार. आमचा दोन लिटरचा वेट ग्राइंडर ओट्याखालच्या कपाटात असतो. दगडासकट बारा-एक किलो भरतो. आईचा खांदा दुखतो, पण इडलीचं पीठ ती घरीच वाटणार, आणि त्यासाठी दर वेळी वाकून तो बाहेर ओढणार. तिला उचलावाच लागू नये असा पुढे येणारा कप्पा मला स्वतः करायचाय. ड्रिल आणि जिगसॉ घरात आहे.

कपाट १८ एमएम प्लायचं, आतून रुंदी ५६४ एमएम, खोली ५५०, दोन दारं. ५०० एमएमचं (२० इंची) बॉल-बेअरिंगवालं टेलिस्कोपिक चॅनल (कप्पा ज्यावर सरकतो तो धातूचा रूळ) बघून ठेवलंय, जोडीची क्षमता ४५ किलो. जाडी एका बाजूला १३ एमएम धरली तर फळी ५३८ची होते.

पण चॅनल ४५ एमएम उंच आणि फळी १८ची, मग स्क्रू मारायचे कुठे? शिवाय दार उघडलं तरी बिजागरीपाशी ते थोडं आत राहतं, कप्पा त्याला घासेल असं वाटतं. आणि कप्पा बाहेर ओढून त्यावरच ग्राइंडर चालवला तर चालेल का?

प्रतिसाद:
घासणारच. आधी कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून १८ एमएम प्लायच्या पट्ट्या मारा आणि चॅनल त्यांच्यावर बसवा. म्हणजे ५६४ वजा ३६ वजा २६, कप्पा ५०२चा. कापायची घाई नको. पट्ट्या बसल्यावर रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा, सगळ्यात कमी येईल ती खरी. एखादा एमएम सैल राहिला तर सनमायकाचा तुकडा पाचरीला घालता येतो. घट्ट झाला तर मात्र कप्पा अडकत राहतो.

फळीच्या दोन्ही कडांखाली ६० एमएम उंचीच्या उभ्या पट्ट्या लावा आणि चॅनलचा आतला भाग त्यांना स्क्रू करा. फळी पट्ट्यांवर टेकलेली हवी. पट्ट्यांच्या मध्ये किंवा खाली लटकवली तर सगळं वजन स्क्रूंवर येतं, आणि प्लायच्या कडेत स्क्रू फार धरत नाही. वर चारी बाजूंनी बोटभर काठ द्या. प्लाय ७१० ग्रेडचा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्या, कापलेल्या कडा नीट बंद करा, पीठ-पाणी सांडणारच.

आधी चॅनलच्या फक्त लांबट भोकांत स्क्रू मारून कप्पा आत-बाहेर करून बघा. पाणसळ ठेवून दोन्ही चॅनल एका उंचीला आले की मग गोल भोकांतले मारा.

चालवण्याबद्दल: तांदूळ-डाळ, पाणी धरून पंधरा-सोळा किलो होतील, क्षमतेत बसतं. अडचण थरथरीची आहे, साधा कप्पा हळूहळू सरकतो. बाहेर आल्यावर लॉक होणारं चॅनल घ्या. आईंच्या हाताखाली देण्याआधी दहा-दहा किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या ठेवून पूर्ण बाहेर ओढून बघा. पुढची कड किती झुकते ते तिथेच कळेल. वायर मागे चॅनलमध्ये सापडणार नाही अशी क्लिपने बांधा.

धागाकर्ता:
पट्ट्या फळीखाली घ्यायचं पटलं, तसंच करतो. लॉकचं चॅनल २० इंचीत कुणी वापरलंय का? आईला एका हाताने लॉक सोडता आलं पाहिजे, दुसरा खांदा तिला वर नेता येत नाही.