समुद्राकाठी ख्रिसमस ट्री टिकेल का?

गुहागरकर: घर समुद्राला लागूनच, जमीन जांभ्याची. घरच्यांना गेटपाशी ते मजल्यामजल्याचं ख्रिसमस ट्री हवंय, नर्सरीवाला म्हणतो मोरपंखी न्या. काय लावू?

माडवाला: मोरपंखी नको हो, आपल्या पावसात मुळाशी पाणी साचलं की आतून करपते. ख्रिसमस ट्री म्हणजे अरॉकेरिया, मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. फक्त जांभा फोडून मोठा खड्डा घ्या, पाणी निचरलं पाहिजे आणि घरापासून, वायरींपासून लांब लावा, कुंडीत गोंडस दिसतं पण मूळ बेटावर ५० मीटरच्या वर जातं! शेंडा छाटू नका, आकारच जातो.

सुरंगी: त्याच नावाखाली कुक पाइन पण खपवतात बरं का. ते विषुववृत्ताकडे कलतं, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. वाकडं दिसलं म्हणून नर्सरीवाल्याशी भांडू नका 😄

गुहागरकर: मग सुरूच लावू का? तो पण पाइनच ना?

माडवाला: छे, सुरू त्यातला नाहीच, सुया वाटतात त्या बारीक फांद्या असतात. वारा अडवतो मस्त, पण खाली दुसरं काही धड उगवत नाही. मी तर म्हणतो कुंपणाला उंडी लावा, बारमाही हिरवी, किनाऱ्यावरचीच, फुलांना वासही छान. वाढते मात्र सावकाश.