परमनंट म्हणजे कायम की टिकाऊ? नुसती यादी देऊन भागत नाही

शहापूरचा मागवाला
परवा एकानं इथं टाकलंय, "परमनंटला मराठीत दहा प्रतिशब्द: कायम, टिकाऊ, स्थायी, चिरस्थायी, शाश्वत, चिरंतन, अखंड, अक्षय, नित्य, सनातन. पोरांकडून पाठ करून घ्या." खाली नुसते अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही. अहो, दहाही शब्द एकाच पोत्यात कसे कोंबता? आमच्या बेळगावच्या घरात माग होता. वडील साडी विकताना रंग शाश्वत आहे असं एकदाबी म्हटले नाहीत, पक्का रंग म्हणायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं की पदराचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासायचे, रुमाल पांढरा राहिला की सौदा पटला. तो 'पक्का' यादीत नाहीच, आणि सनातन आहे! माझं म्हणणं एवढंच, टिकाऊ म्हणजे वापरून टिकतं ते, आणि कायम म्हणजे कुणीतरी ठरवलंय म्हणून राहतं ते. टिकाऊ ठरायला वर्षं जावी लागतात, कायम व्हायला एक सही बस्स होते.

यादीवाला
मीच तो. पोराला पेपरात एका मार्काला समानार्थी शब्द विचारतात, तिथं काय तुमच्या वडिलांचा रुमाल जोडायचा? आधी यादी, मग बारकावे. उगं साप साप म्हणून भुई धोपटू नका.

टिळकवाडीची मास्तरीणबाई
यादीनंच घोटाळा होतो हो. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. एका पोरानं वहीत लिहिलं होतं, माय स्कूल बॅग इज इटर्नल, म्हणजे चिरंतन. का, तर गाइडात टिकाऊपुढं चार शब्द होते, त्यातला त्याला हा आवडला. बॅगेचा बंद तर सुतळीनं बांधलेला! परमनंट लॅटिनमधनं आलाय, 'पर' म्हणजे आरपार, शेवटपर्यंत, आणि 'मानेरे' म्हणजे राहणं. ड्युरेबलच्या मुळाशी 'दुरुस' आहे, म्हणजे कठीण, घट्ट. बॅगेला ड्युरेबल. पर्पेच्युअल म्हणजे मध्ये खंड न पडता चाललेलं, आपलं अखंड. आणि अखंड म्हणजे कायमचं नव्हे हं, अखंड हरिनाम सप्ताह सात दिवस चालतो, मग काला करून घरी जातात. चिरस्थायीतला 'चिर' सुद्धा फार काळ एवढंच सांगतो. पत्रिकेत चि. छापलं म्हणून नवरदेव अमर होत नाही. नित्य, शाश्वत हे गीतेत आत्म्याला लावलेत, दप्तराला नाहीत.

उद्यमबाग फिटर
मला लॅटिन नको बाई. परमनंट म्हणजे कायम, विषय संपला. अकरा वर्षं एकाच शेडमध्ये काम करायलोय. कायम करावं लागू नये म्हणून दरवर्षी 240 दिवस भरायच्या आत ब्रेक देतात, आठ दिवस घरी बसवतात, मग नवीन कार्ड, नवीन नंबर. माझ्या हाताखालची लेथ माझ्या आधीपासनं तिथं आहे, बेडवर घासून खड्डा पडलाय पण चालत्येय. ती टिकाऊ. मी पण टिकाऊ. कायम मात्र दोघांपैकी तीच, तिची नोंद रजिस्टरात आहे.

शहापूरचा मागवाला
घ्या! मी चार ओळी खरडून जे सांगायलो होतो ते ह्यानं लेथवर करून दाखवलं.

निपाणीचा भांडीवाला
आमच्या दुकानात कन्नड गिऱ्हाईक विचारतं, "बाळिकी बरतैतेन्री?" म्हणजे टिकेल काय. बाळु म्हणजे जगणं, त्यावरनं बाळिके. वस्तू किती जगंल असा प्रश्न. मला तर टिकाऊपेक्षा हा शब्द गोड लागतो, मी मराठी गिऱ्हाइकालाबी सांगतो, कुकरला बाळिके आहे, घेऊन जावा.

सध्या पुण्यात
झालं! अशानंच सीमाभागातली मराठी बुडाली. कायम, टिकाऊ असे अस्सल शब्द असताना कन्नडची उसनवारी कशाला? 1956 ला आपल्याला कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) घातलं, तेव्हापासून आपण कशासाठी भांडतोय मग?

निपाणीचा भांडीवाला
तुम्ही पुण्यात बसून भांडताय, आम्ही इथं भांडी विकतोय. एक नोव्हेंबरला दुकान बंद ठेवून काळा दिवस पाळतो आम्ही, तुम्ही त्या दिवशी कुठं असता?

मास्तरीणबाई
पुणेकर, तुमच्या अस्सल यादीतला पहिलाच शब्द अरबी आहे. काइम म्हणजे उभा असलेला. कन्नडवाले त्यालाच खायम म्हणतात. भांडायचं तर तिघांनी मिळून अरबस्तानात जाऊ.

सध्या पुण्यात
बरं, अरबी तर अरबी. पण तो पचलाय, तुमचं बाळिके नाही पचलेलं. आणि मी पुण्यात हौसेनं आलेलो नाही, तिकडं नोकरी नव्हती. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, बाळ, ही व्यवस्था हंगामी आहे. 2004 ला महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला तेव्हा पेढे वाटलेले त्यांनी. दावा चालूच आहे, आजोबा गेले.

उद्यमबाग फिटर
हंगामी म्हणून जे सुरू होतं ना, तेच सगळ्यात टिकतं. माझं कार्ड बघा.

यादीवाला
मूळ प्रश्न राहिला बाजूला. कायम म्हणजे कुणीतरी ठरवलेलं म्हणता, मग ठरवलेलं मोडलं तर ते कायम नव्हतंच की!

मास्तरीणबाई
मोडतंच हो. 1793 ला कॉर्नवॉलिसनं बंगालात कायमधारा आणला, सारा कायमचा ठरलेला म्हणून. स्वातंत्र्यानंतर जमीनदारीबरोबर गेला. आपल्याकडं मुंबई इलाख्यात रयतवारी, तिथं तीस वर्षांनी सारा पुन्हा ठरवायचा असं निदान आधीच सांगितलेलं. आणि महाराष्ट्रात 'कायम विनाअनुदानित' शाळांमधला 'कायम' 2009 मध्ये सरकारनंच वगळला. माझी भाची तिकडं कोल्हापूर जिल्ह्यात तसल्याच शाळेत. शब्द गेला, पगार किती वर्षं आला नाही ते विचारू नका.

शहापूरचा मागवाला
आमच्या आजीच्या हातावर गोंदण होतं, तिच्या भावाचं नाव. म्हातारपणी अक्षरं पसरून निळा डाग झालेला, वाचता येत नव्हतं, पण गेलं नाही. तिच्याबरोबरच गेलं. त्याला कुठला शब्द लावायचा, लावा बघू यादीतला.

यादीवाला
बरं बाबा, हरलो. सनातन काढतो, पक्का घालतो. शाश्वत ठेवणार, शाश्वत विकास सरकारच लिहितंय. दहाचे दहाच राहिले, आता तरी पोरांना पाठ करू द्या.

निपाणीचा भांडीवाला
आणि बाळिके?

यादीवाला
पुणेकरांची परवानगी आणा.

सध्या पुण्यात
घाला. कंसात 'निपाणी' लिहा, म्हणजे दोष आमच्यावर नको.

उद्यमबाग फिटर
मग बारावा शब्द माझा, 'कंत्राटी'. 239 दिवसांनी काढून टाका, आठ दिवसांनी परत घाला.