टोमान आणि तुम्ही: आपापले अनुभव लिहा

'टोक्यो रिव्हेंजर्स' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मार्च २०१७ ते नोव्हेंबर २०२२ या काळात जपानच्या 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये चालली. लेखक-चित्रकार केन वाकुई, एकूण ३१ खंड. सव्वीस वर्षांचा ताकेमिची, आयुष्यात कशातच धड नाही, बारा वर्षं मागे २००५ मध्ये जाऊन पडतो आणि शाळकरी पोरांच्या एका बाइक टोळीत शिरतो. ती टोळी म्हणजे टोक्यो मांजी, लाडाने टोमान. मालिकेचं परीक्षण नकोय. ही टोळी तुमच्या डोक्यात कशी शिरली आणि का राहिली, तेवढं सांगा. शेवटापर्यंतच्या गोष्टी फुटणार आहेत, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

माझ्यापुरतं सांगतो. मी अडकलो तो मायकीपायी. टोक्योतल्या शिबुया भागातली पोरं ज्याला टरकून असतात तो हा म्होरक्या हॉटेलात लहान मुलांची थाळी मागवतो आणि भातावर झेंडा खोचलेला नाही म्हणून फुरंगटून बसतो. उपसरदार द्राकेन मुकाट्याने झेंडा काढून खोचतो. असला नेता मी तरी कुठे वाचला नव्हता.

*नाशिक, कॉस्प्लेवाली*

कॉस्प्ले म्हणजे पात्राचा हुबेहूब वेश करणं. मी मित्सुया केला होता, टोमानच्या दुसऱ्या तुकडीचा प्रमुख. टोमानचे गणवेश त्याच्याच हातचे, शाळेत शिवणकामाच्या मंडळाचा अध्यक्ष आणि घरी दोन धाकट्या बहिणींना सांभाळणारा. काळं कापड मिळालं, ढगळ पँट झाली, अडलं ते पाठीवरच्या सोनेरी भरतकामावर. आमच्या गल्लीतले भरतकामवाले काका शाळांचे बिल्ले आणि लग्नाचे ब्लाउज करतात. त्यांनी नमुना पाहिला आणि म्हणाले, "ताई, स्वस्तिक उलटं छापून आलंय. मी सुलटं करून देतो, पैसे नको त्याचे." हे टोमानचं चिन्ह, जपानी मांजी, म्हणजे तिकडचं स्वस्तिक, डावीकडे वळलेलं असतं, तिकडे नकाशावर बौद्ध मंदिराची खूणही तीच, हे सांगून झालं. काका ऐकेनात. "उलटं काढलं तर माझा हात धजत नाही." शेवटी त्यांच्या पोराने मशीनवर बसून काढून दिलं, काका चहाला गेले असताना.

परदेशात दाखवलेल्या ॲनिमेत (याच कथेची ॲनिमेशन मालिका) हेच चिन्ह पुसून टाकलंय, नाझींच्या आठवणीमुळे. त्यांचं कारण कळतं, पण पाठ कोरी असलेला टोमानचा कोट बघवत नाही.

*कोल्हापूर, आरएक्स-१००वाला काका*

पोराच्या टेबलावरून उचललं. दोन पानं चाळून ठेवणार होतो. मग तो दवाखान्याचा प्रसंग आला. दुसऱ्या टोळीने एका मुलीला मरणाच्या दारात नेलंय, कारण तिच्या मित्राचं त्या टोळीशी वाजलेलं, आणि तो मित्र टोमानमधल्या एकाचा दोस्त. मुलीचा बाप भेटायला आलेल्या मायकी-द्राकेनवर ओरडतो. मायकी उसळतो, आमचा काय दोष म्हणून. द्राकेन त्याचं डोकं धरून खाली वाकवतो आणि स्वतःही वाकतो. भांडण आपल्या आपल्यात, बाहेरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं काम नाही, हा त्याचा हिशोब. आमच्या पेठेत तालमीतालमींची खुन्नस असायची, तेव्हा वस्ताद असंच मानगूट धरायचे. फरक एवढाच, की इथे वस्ताद आणि पोरगं दोघंही पंधराच्या आसपासचे. मोठं माणूस आसपास कुणी नाहीच. ते काही मनातून जात नाही.

*नागोया परिसर, नोकरीनिमित्त*

खऱ्या बोसोझोकूबद्दल, म्हणजे जपानातल्या बाइक टोळ्यांच्या पोरांबद्दल, थोडं. १९८२ साली पोलिसांच्या मोजणीत ही पोरं ४२ हजारांच्या वर होती. आता नावापुरती उरलीत. २००४ मध्ये वाहतूक कायदा बदलला. जमावाने बाइक दामटून रस्ता अडवला, तर कुणी तक्रार केली नसली तरी पोलीस थेट उचलू शकतात. म्हणजे वाकुईंनी कथेला २००५ साल दिलं तेव्हा ही दुनिया आधीच ओसरत होती. त्या लांब कोटाचं नाव तोक्कोफुकू, दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघातकी पथकांवरून आलेलं.

उन्हाळ्यात शनिवारी रात्री हायवेवरून अजून तो आवाज येतो, गिअर न टाकता नुसता ॲक्सिलरेटर ताल धरून पिळण्याचा. पहिल्यांदा मी खिडकीकडे धावले. शेजारच्या आजी म्हणाल्या, घाबरू नकोस, पन्नाशीचे बाप्ये आहेत. जुन्या गाड्या जपणाऱ्यांचे गट असतात इथे, सोमवारी सगळे कामावर हजर.

*छत्रपती संभाजीनगर, गॅरेज*

गाड्यांवर कुणी बोलेना म्हणून लिहितो. मायकीची होंडा सीबी २५० टी, सत्तरच्या दशकातलं दोन सिलिंडरचं मॉडेल. द्राकेनची कावासाकी झेफर. जपानात लायसन सोळाव्या वर्षी मिळतं, म्हणजे अर्धी टोमान बेकायदा चालवतेय. मायकीची गाडी थोरल्या भावाच्या, शिनइचिरोच्या हातची. वाढदिवसाला मायकीला भेट द्यायची म्हणून टोमानमधलेच काझुतोरा आणि बाजी तीच गाडी चोरायला दुकानात शिरतात, दुकान कुणाचं ते काझुतोराला ठाऊक नसतं. अंधारात तो मालकाच्या डोक्यात घालतो. मालक म्हणजे शिनइचिरो. माझ्या दुकानात रात्री शटर ओढताना मला ते पान आठवतं. तेव्हापासून आतला दिवा चालूच ठेवतो. लाइटबिल येतं, येऊ दे.

*मुंबई*

सगळे एवढे भारावलेत तर विरजण घालते. ताकेमिचीची मैत्रीण हिनाता किती वेळा मरते? एकामागून एक भविष्यात तिला मारायचं, म्हणजे ताकेमिचीला परत रडत मागे जायला कारण मिळतं. मायकीच्या बहिणीचं, एमाचं, तेच. तेंजिकू या शत्रू टोळीच्या भागात तिचा जीव गेला तो मायकी कोसळावा म्हणून. पोरांच्या मैत्रीवर एवढं बारीक काम करणाऱ्या माणसाला दोन मुली नीट लिहिता येऊ नयेत? वाचलं मी सगळं, ३१ च्या ३१. राग त्याचाच जास्त आहे.

*पुणे, वसतिगृह*

मुंबईकर ताईंशी सहमत, तरी बाजीपुढे माझं काही चालत नाही. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या हाणामारीत, तो स्वतःच्या पोटात सुरी खुपसतो. का, तर आपल्या मरणाचं पाप काझुतोरावर येऊ नये आणि मायकीच्या हातून खून होऊ नये. मरता मरता काय, तर आपल्या जिवलग चिफुयूला म्हणतो, नूडल्स खाव्याशा वाटतायत, अर्धे अर्धे. आम्ही तिघं रूममेट एका मोबाइलवर बघत होतो. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

त्यापुढे हा शेवट! मायकी आणि ताकेमिची पार लहानपणी परत जातात आणि सगळं सुरळीत, सगळे जिवंत, लग्नबिग्न. मग बाजीने सोसलं ते कशासाठी? हप्ते उरकायची घाई झाल्यासारखं वाटलं.

*सातारा, आई*

मुलगा बारा वर्षांचा, वर्गातले सगळे वाचतात म्हणून मागे लागलाय. द्यावं का?

*कोल्हापूर, आरएक्स-१००वाला काका*

वहिनी, बाराव्या वर्षी नको. रक्त आहे, सुऱ्या आहेत, आणि हीच टोमान पुढे मोठी होऊन खून पाडणारी टोळी होते, ते त्या वयात झेपायचं नाही. दोन-तीन वर्षांनी द्या, आणि तुम्ही आधी वाचा. पहिले चार खंड माझ्याकडे आहेत, साताऱ्याला कुणी येणारं असलं तर पाठवतो.