बाबांचा हर्निया: ओपन की दुर्बिणीतून? खर्चात एवढा फरक कशाचा?

धनकवडीची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा 64 वर्षांचे, उजव्या जांघेत हर्निया निघालाय. उभे राहिले की लिंबाएवढी गाठ येते, आडवे झाले की आपोआप आत जाते. दुखत फारसं नाही, पण तळजाई टेकडीवर रोज फिरायला जायचे ते आता भीतीने बंद केलंय. दोन सर्जनना दाखवलं, एकांनी ओपन सांगितलं, कमकुवत जागेला आधार द्यायची जाळी बसवून सगळं मिळून 55 हजार, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून, 1 लाख 35 हजार आणि ते पण शेअरिंग रूमचे. पॉलिसी आहे पण गेल्या वर्षीच काढलेली. जास्त पैसे द्यायला हरकत नाही हो, पण नक्की कशाचे देतोय ते तरी कळायला हवं ना. कोणाच्या घरी झालंय का?

ओटीतली_ताई
आधी हे सांगते की जाळी दोन्हीकडे बसते, त्यामुळे 'दुर्बिणीवाली जाळी भारी' वगैरे कोणी म्हणालं तर ऐकू नका. ओपनला जांघेत एक तिरका काप, पाठीत इंजेक्शन देऊन किंवा नुसती ती जागा बधिर करूनही होतं. दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते, गॅस भरून तीन छोट्या भोकांतून काम, म्हणून भूलतज्ज्ञ, मशीन, ऑपरेशन थिएटरचा म्हणजे ओटीचा वेळ सगळंच वाढतं. आणि बिलात 'टॅकर' लिहिलंय का बघा. जाळी आतून पिना मारून पक्की करायची ती बंदूक, एका पेशंटला एकदाच वापरायची, तिचेच कितीतरी हजार लागतात. 2018 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार टीईपी पद्धतीत (पोटाच्या पोकळीत न शिरता दुर्बिणीतून करतात ती) बहुतेकांना जाळी ठोकायची गरजच नसते, मोठा डायरेक्ट हर्निया (पोटाची भिंतच कमकुवत होऊन सरळ पुढे आलेला) असेल तर गोष्ट वेगळी. सर्जनना सरळ विचारा, टॅकर लागणार का, का लागणार, चांगले सर्जन रागवत नाहीत.

त्रासाचं म्हणाल तर दुर्बिणीत दुखणं कमी, माणूस लवकर कामाला लागतो, पण आतड्याला किंवा रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका, क्वचित का होईना, असतो. ओपनमध्ये जांघेचा भाग बधिर राहणं, महिनोन्महिने दुखत राहणं जरा जास्त. आणि दुर्बिणीचा हात बसायला सर्जनला 50-100 केसेस तरी लागतात, म्हणून 'तुम्ही स्वतः किती केल्यात' हा प्रश्न रेटच्या आधी विचारा.

कॅशलेस_डेस्क
मी टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेचं, काम करतो. ताई, गेल्या वर्षीची पॉलिसी असेल तर आधी वेटिंग पिरियड बघा. हर्नियाला बहुतेक पॉलिसींमध्ये 24 महिने थांबावं लागतं, त्याआधी क्लेम टाकला तर रिजेक्टच होणार. जुन्या कंपनीतून पोर्ट करून आणली असेल तर आधीची वर्षं धरली जातात, ते कागद शोधा. दुसरं, रूम रेंटची लिमिट. लिमिटपेक्षा महागडी खोली घेतली की बऱ्याच पॉलिसींत खोलीचाच नाही तर सर्जनची फी, ओटीचा खर्चही त्या प्रमाणात कापतात आणि डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर भांडणं होतात, रोज बघतो मी. एस्टिमेट तोंडी घेऊ नका, जाळी, टॅकर, भूल, खोली, औषधं असं वेगवेगळं लिहून मागा.

बिबवेवाडीकर
माझ्या दोन्ही बाजूंना होता म्हणून दुर्बिणीतून केलं, त्याच भोकांतून दोन्हीकडचं काम उरकतं. एकाच बाजूला, पहिल्यांदाच असेल तर ओपन काही वाईट नाही, आमच्या काकांचं तसंच झालं, मस्त आहेत. एक आधीच सांगून ठेवतो, घरी आल्यावर माझ्या त्याच जागी परत गाठ दिसली, खाली अंडकोषाची पिशवी सुजून निळसर झाली, बायको रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले पाणी साचलंय, आपोआप जिरेल, आणि जिरलं. पण दाखवून घ्याच, आपल्या मनाने ठरवू नका.

धनकवडीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे! जाळी न घालता करतात असंही कोणीतरी म्हणालं, ते खरंय का? आणि वेटिंग संपेपर्यंत थांबलो तर चालेल का?

ओटीतली_ताई
हो, देसारडा पद्धत, आपल्या पुण्याच्याच डॉ. मोहन देसारडांची, 2001 मध्ये त्यांनी ती मांडली. पोटाच्या स्नायूवरच्या पापुद्र्याचीच पट्टी वापरून भिंत पक्की करतात. पोलंडच्या 2012 च्या अभ्यासात 208 पेशंट 3 वर्षं पाहिले, हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण जाळीइतकंच आलं. पण ती नियमित करणाराच सर्जन हवा.

थांबण्याबद्दल, पुरुषांना त्रास कमी असेल तर नजर ठेवून थांबता येतं, अचानक अडकण्याचा धोका कमी असतो. मात्र तसे थांबलेल्या बहुतेकांना पुढच्या काही वर्षांत ऑपरेशन करावंच लागतं. हे सर्जनशी बोलून ठरवा. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही. बाबांना रात्री लघवीला उठावं लागत असेल तर प्रोस्टेट आधी दाखवा, नाहीतर ऑपरेशननंतर लघवी तुंबते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पण सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या झाल्या, तर दाबत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा, तेव्हा पॉलिसीचा विचार अजिबात नको.